नाव लुबनाचं, नंबर तौकीरचा

"तुम्हीच का लुबना हक?"

नीलखेतच्या गल्लीत, मोंटूमामाच्या छपाईच्या दुकानासमोर, सिंगाड्यांचा, म्हणजे बंगाली सामोशांचा, पुडा हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या उंच मुलाने विचारलं आणि लुबना दोन पावलं मागे सरली. ढाक्यात अनोळखी मुलाने नाव घेतलं की आधी मागे सरावं, मग बोलावं.

"का? तुम्हाला काय करायचंय?"

"उंची पाच फूट दोन. डाव्या भुवईवर तीळ. रक्तगट बी पॉझिटिव्ह... तो काही दिसत नाही म्हणा, पण बाकीचं जुळतंय."

लुबनाचे कान तापले. "मामा! हा कोण आगाऊ माणूस? आणि माझा रक्तगट याला कुणी सांगितला?"

मोंटूमामाने संगणकाआडून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "रागावू नका, आपा. चूक माझी आहे... थोडीशी."

चूक अशी होती. मामाच्या दुकानात नवा सीव्ही कधी कोऱ्या पानावर सुरू होत नसे. आधीच्या गिऱ्हाइकाचा उघडायचा, त्याचं नाव पुसायचं, बापाचं नाव पुसायचं, गाव पुसायचं आणि नव्याचं भरायचं. आजूबाजूच्या दुकानांतही हीच रीत. लुबनाचा सीव्ही तौकीर अहमदच्या सीव्हीवर बेतला गेला. मामाने सगळं पुसलं, पण फोन नंबर तेवढा राहून गेला. लुबनाने तो कागद ढाकाभर वाटला, आणि आपल्याला कुणी बोलावतच नाही म्हणून पुन्हा पुन्हा नव्या प्रती छापून घेत राहिली.

"बोलावतात की," तौकीर म्हणाला. "मला बोलावतात! आधीच्या लोकांना मी राँग नंबर सांगून फोन ठेवून दिला. काल एक बाई चिवट भेटल्या. म्हणाल्या, कागदावर हाच नंबर आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पण तुम्हाला कळवणार कसं? तुमच्या नंबरच्या जागी तर मीच बसलेलो! मामांनी तुमचा कागद दाखवला, म्हणाले, ती प्रती छापायला येईलच. म्हणून सकाळपासून इथे... सिंगाडा घ्या ना. गार झालाय, पण घ्या."

"त्या बाई काय म्हणाल्या?"

"उद्या मुलाखतीला बोलावलंय. तागाच्या बाहुल्या करून परदेशी पाठवतात ते लोक. धानमंडीत."

लुबना मटकन स्टुलावर बसली. महिनाअखेरीला वसतिगृहाची खोली सोडायची होती. बारिसालहून अब्बांनी बजावलं होतं, "नोकरी नाही लागली तर सरळ लाँचने घरी ये." गुरुवारचं तिकीटही तिने काढून ठेवलं होतं.

तौकीरने तिचा सीव्ही पुन्हा वाचला. वाचताना तो हसू दाबत होता, हे तिला दिसलं.

"काय झालं हसायला?"

"नाही... आजोबा काय करायचे तेही आहे यात. वजन आहे. रक्तगट आहे. हे वाचून तुम्हाला नोकरी देणार, की तुमच्याकडे रक्त मागणार?"

"सगळे हेच लिहितात!"

"सगळे मामाकडे येतात म्हणून. खरं सांगा, सीव्ही म्हणजे काय?"

"आपली... माहिती."

"मलाही तसंच वाटायचं. सदरघाटावर लाँचच्या तिकिटांच्या ऑफिसात लागलो, तेव्हा साहेबांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, तू कोण आहेस ते कळलं रे, पण तुला येतं काय? सीव्ही म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. तुम्हाला काय येतं?"

"काही नाही," लुबना पटकन म्हणाली. मग जरा थांबून, "वसतिगृहाची मेस चालवते. तिथे पाळीपाळीने एकेकीवर येते ना... पण माझी पाळी संपली की मुली पुन्हा मलाच धरतात."

"किती मुली?"

"सव्वाशे असतील. पहाटे बाजारात जायचं, मासेवाल्याशी भांडायचं, स्वयंपाकिणी रुसल्या की त्यांची समजूत काढायची. एकदा तर दोघी एकाच दिवशी गावी गेल्या, तर मी आणि..."

बोलता बोलता तिने मान वर केली. तौकीर सिंगाडा हातात तसाच धरून तिच्याकडे बघत होता.

"हे... हे कुठे आहे यात?"

"स्वयंपाकघरातलं कोण लिहितं?"

"मामा," तौकीर म्हणाला, "कोरं पान उघडा."

"कोरं?" मामा दचकलाच. "या दुकानात?"

तेवढ्यात चैत्रातला वारा गल्लीत घुसला. धुळीबरोबर कुणाकुणाचे सीव्ही उडाले. लुबनाने ओढणी सावरली, तौकीरने कागद सावरले, आणि एकाच कागदावर दोघांचे हात पडले... तिने आधी काढला. फार घाईने नाही.

शेवटी नंबर टाकायची वेळ आली. तसा तौकीर उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे," मामा खो खो हसला, "तिचा रक्तगट तुला पाठ, आणि नंबराला लाजतोस?"

"तो त्यांनी मला दिलेला नाही," तौकीर भिंतीलाच म्हणाला.

लुबना त्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिली. अशा एवढ्याशा गोष्टीने मन जडतं का, कोण जाणे. तिचं मात्र जडलं.

मुलाखत देऊन झाली, निकाल काही कळला नव्हता. गुरुवारी दुपार कलताना ती बॅग घेऊन सदरघाटावर आली. तौकीरच्या खिडकीशी पोचते तोच तो आतून ओरडला, "कुठे होता तुम्ही! त्यांचा फोन आला. मला! नोकरी लागली. पहिल्या तारखेपासून!"

लुबनाने खिडकीचे गज घट्ट धरले. डोळे भरले आणि हसूही फुटलं.

"मामाकडून नंबर घ्यायला निघणार होतो, पण तुम्हाला न विचारता कसा घेणार? आणि त्या बाईंना मी चांगलं सुनावलं. म्हटलं, नव्या कागदावर तिचा नंबर आहे, मला काय फोन करता? तर त्या म्हणतात..." तो अडखळला. "म्हणतात, लुबनानेच सांगितलंय, जुनाच ठेवा."

"हो."

"पण... मी कळवलंच नसतं तर? तुमची नोकरी गेली असती!"

"एकदा गार सिंगाडे घेऊन वाट बघत बसला होतात ना," ती म्हणाली. "म्हटलं, हा माणूस कळवल्याशिवाय राहणार नाही."

मागे रांगेतला एक म्हातारा खाकरला. "बाबा रे, तिकीट देणार की इथेच निकाह करणार?"

तौकीर लाल झाला. घाईघाईने त्याने पेन उचललं. "म... मग आजचं तिकीट रद्द करू?"

"छे! अब्बांना तोंडाने सांगायचंय. परतीचं द्या."

"नाव... लुबना हक." तो लिहीत गेला. मग पेन थबकलं. "इथे प्रवाशाचा मोबाइल नंबर लागतो."

"लागतो का खरंच?"

"नियम आहे," तो म्हणाला. मग खरं बोलला. "नाही लागत."

लुबनाने खिडकीशी तोंड नेलं आणि एकेक आकडा हळूहळू सांगितला. तौकीरने तो तिकिटावर लिहिला, आणि मग डाव्या तळहातावर पुन्हा.