मोहरीएवढा लाल दिवा

साहेब, तो दिवा तुम्ही झाकलात. स्वतःच्या हातांनी झाकलात. आणि वर फलकावर कागद लावलात: 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे दुर्दैवी अपघात.' मेलेल्या माणसाच्या माथी काहीही मारावं, तो थोडाच उठून भांडायला येतोय! पण त्याच्यामागे एक मुलगी उरली आहे आणि तिची गोष्ट तुम्हाला ऐकावीच लागेल. गोष्ट प्रेमाची आहे. दोघांच्या प्रेमात आपलं काय काम, असं तुम्हाला वाटेल. आम्हा कर्मचाऱ्यांचाही सवाल तोच आहे.

ती तुमच्याच प्रयोगशाळेत कामाला होती. बाहेरचं अख्खं वीजजाळं, म्हणजे तारा, रोहित्रं, उपकेंद्रं, सगळं संगणकात उभं करायचं, हे तिचं काम. नुसतं चित्र काढायचं नाही, ते खऱ्या वेळेत चालतं ठेवायचं. बाहेर तार तुटल्यावर ज्या क्षणी जे घडेल, ते तिच्या कपाटाएवढ्या यंत्रात त्याच क्षणी घडायला हवं. यंत्र तापू नये म्हणून ती खोली इतकी गार ठेवलेली, की भर उन्हाळ्यात ही बया स्वेटर घालून बसायची.

एका दुपारी दार उघडलं आणि कुणीतरी उलट्या पावलांनी आत आलं. हातात लोखंडी पेटी, म्हणून पाठीनं दार ढकलत आलेलं. ती नेमकी चहाचा कप घेऊन दाराशी...

"अहो, अहो, अहो! चहा!"

"आता पेटी सांभाळू की चहा?" पाठमोऱ्यानंच विचारलं.

"पेटी? गाणं म्हणणार आहात की काय?"

"म्हणेन की. पण लोक उठून जातात हो."

तो वळला. शर्टावर चहा, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू चहा अंगावर सांडून घ्यायलाच आला होता. पेटीत होता रिले. रिले म्हणजे वीजजाळ्याचा राखणदार. कुठे बिघाड झाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यानं वीज तोडायची. हा गडी रिले तपासणारा. आधी इथे तिच्या यंत्राला जोडून तपासायचा आणि पास झाला की उपकेंद्रात नेऊन बसवायचा. तिनं त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवलं, पेटीवाला.

"म्हणजे माझ्या पेटीला वाटतं, बाहेर खरंच शहर आहे?" तारा जोडताना त्यानं विचारलं.

"हो. तिला कळतच नाही."

"बिचारीला धडधडीत फसवता की तुम्ही! मग तुम्हाला ठकसेन म्हटलं तर चालेल?"

"म्हणा. पण आधी तो स्क्रू आवळा. सैल राहिलाय."

त्यानं तो स्क्रू दोनदा आवळला. खात्रीसाठी म्हणे! यंत्राच्या काळ्या पटलाच्या कोपऱ्यात मोहरीएवढा दिवा होता, त्याच्याकडे त्याचं लक्ष गेलं.

"आणि हा काय करतो?"

"माझी चुगली करतो." ती हसली. "एका टप्प्याचा हिशेब पुढचा टप्पा सुरू व्हायच्या आत संपायला हवा. नाही संपला की हा लाल पेटतो. मग माझं शहर खोटं."

"उत्तर बरोबर असलं तरी?"

"तरीही. इथे उशिरा आलेलं उत्तर चूकच धरतात."

"बापरे! परीक्षेत बरं होतं की."

"म्हणून सांगते, हा पेटलेला दिसला, तर माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही."

"आणि विझलेला असला तर?"

ती स्वेटरची बाही उगाच ओढत म्हणाली, "तर... ठेवायचा."

तो बाहेर पडला. गारव्यातून उन्हात जाताच त्याचा चष्मा धुक्यासारखा पांढरा झाला. त्यानं तो काढून पुसला आणि खोलीच्या काचेआडून तिनं त्याचे उघडे डोळे पहिल्यांदा पाहिले. झालं! काम तमाम.

मग पेटीवाल्याच्या पेट्या वारंवार बिघडू लागल्या. पास झालेला रिले तो 'एकदा खात्री करून घ्यावी म्हटलं' असं सांगत परत आणायचा. आला की आधी दिव्याकडे बघायचा, मग तिच्याकडे.

"दिवा विझलेला आहे, ठकसेन. आज तू म्हणशील ते खरं."

"मग ऐक. तो शर्ट तुला अजिबात शोभत नाही."

"पेटव बाई तो दिवा, पेटव!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. पाऊस आला की ते सायकलींच्या छपराखाली उभे राहायचे. पत्र्यावर असा ताशा वाजायचा, की बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून जवळ सरकावं लागायचं. पाऊस थांबला तरी ऐकू यायचं नाही, ही गंमत वेगळी.

तुम्ही म्हणाल, यात आमचा काय दोष? येतोय, साहेब, तिथेच येतोय.

शहराबाहेर मोठं सौरकेंद्र उभं राहिलं आणि ते तिच्या जाळ्यात घालायची वेळ आली. हिशेब एकदम वाढला. ठिणग्या उडवणाऱ्या बिघाडाची चाचणी लावली की यंत्राला धाप लागायची आणि दिवा लाल. ती तुमच्या खोलीत आली होती, आठवतं?

"सर, एका कपाटात हे मावत नाही. दुसरं जोडून हिशेब वाटून द्यायला हवा."

"उद्घाटनानंतर बघू."

"पण सर, यंत्र मागे पडलं की रिले आहे त्यापेक्षा चपळ दिसतो. पंचाचं घड्याळ हळू चालत असेल, तर रांगणारा गडीसुद्धा शर्यत जिंकतो."

"तू मुलगी हुशार आहेस," तुम्ही म्हणालात, "पण फार घाबरट. बघतो मी."

'बघतो मी.' तुमच्या या दोन शब्दांवर ती विसंबली. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, रजा घ्यावीच लागणार होती. ती निघाली तेव्हा पेटीवाला छपराखाली वाट बघत उभा होता. त्या दिवशी हातात पेटी नव्हती, म्हणून हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"एक प्रश्न विचारायचाय," तो म्हणाला. "पण उत्तर वेळेत आलं पाहिजे."

"मुदत किती?"

"तुझ्या यंत्राएवढी."

"पेटीवाल्या, तेवढ्यात तर तुझा प्रश्नही संपायचा नाही!"

"संपेल. छोटाच आहे." तो घुटमळला. "माझ्याशी... करशील?"

"काय करू? स्वयंपाक?"

"ए, थट्टा नको ना! घाम फुटलाय मला."

तिचं उत्तर तयार होतं, साहेब. जिभेच्या टोकावर होतं. पण घरी आई एकटी, डोळ्यात मोतीबिंदू, आणि लेकीनं रस्त्यात उभं राहून हो म्हणून मोकळं व्हायचं? आईनं ज्याला एकदाही पाहिलं नव्हतं, त्याला तिनं धड डोळ्यांनी पाहावं, मग हो म्हणावं, असं तिच्या मनात आलं.

"आईच्या डोळ्याची पट्टी सुटू दे," ती म्हणाली. "मग घरी ये. तिच्यासमोर सांगते."

"उशिरा आलेलं उत्तर चूक धरतात, बरं का."

"तुला सूट दिली. जा!"

पट्टी सुटायच्या दिवशी ती आईला घेऊन दवाखान्यात बसली होती, तेव्हा त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"पास झाला गं रिले! उद्घाटनाचे पाहुणे बघत होते, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आता लगेच उपकेंद्रात बसवायला पाठवतायत."

"ठिणग्यांची चाचणी लावली? आणि दिवा?"

"विझलेला. काळाकुट्ट! तुझं शहर एकदम खरं."

तिचा जीव भांड्यात पडला. दुसरं कपाट जोडलं वाटतं साहेबांनी, शब्द पाळला! विचारणार, तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं.

"संध्याकाळी घरी ये," ती घाईनं म्हणाली.

"उत्तर?"

"ये तर खरं!"

आईची पट्टी सुटली. आईनं डोळे मिचकावत लेकीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलली? "अगंबाई, तू केवढी लाल झाली आहेस! कोण आहे तो?"

तो आलाच नाही.

उपकेंद्रात नेमका तसाच बिघाड झाला. ठिणग्या उडाल्या, रिलेनं वीज तोडली, पण उशिरा तोडली. फार नाही, पापणी लवते तेवढाच उशीर. तिथल्या रिलेच्या कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाला तेवढा पुरला.

ती कामावर परतली तेव्हा गार खोलीत काहीच बदललेलं नव्हतं. कपाट एकच. सवयीनं तिनं ठिणग्यांची चाचणी लावली. यंत्राला धाप लागली, पडद्यावर शहर रखडत चाललं, आणि दिवा विझलेलाच. तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. काळ्या पटलावर काळी चिकटपट्टी, नखानं तोडलेली. खरवडून काढली, तर खाली तो बिचारा लालभडक पेटलेला. ओरडत होता की हो तो! तोंड दाबलं होतं त्याचं.

आल्याबरोबर तो आधी दिव्याकडे बघायचा, मग तिच्याकडे. त्या दिवशी ती नव्हती, म्हणून त्यानं नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवला. तिनंच शिकवलं होतं.

ती पट्टी बोटाला चिकटवून तशीच तुमच्या खोलीत आली. तुम्ही कानांवर हातसुद्धा ठेवले नाहीत. म्हणालात, "अगं, पाहुण्यांसमोर लाल दिवा बरा दिसतो का? दहा प्रश्न विचारत बसतात. म्हणून जरा झाकला. मुलाचं वाईट झालं, पण यंत्रासमोर उभं राहताना काळजी नको घ्यायला? तू आता हे उगाळू नकोस. तुझी बढती लागलीय."

ती रडली नाही. तिनं पट्टी तुमच्या टेबलाच्या काचेवर, बरोबर तुमच्यासमोर चिकटवली आणि दारात गोळा झालेल्या आम्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "त्यानं विचारलं होतं, माझ्याशी लग्न करशील का. माझं उत्तर हो आहे. उशिरा आलं, म्हणून चूक ठरलं. ते मी जन्मभर भोगेन. पण सर, तुम्हालाही एक प्रश्न आहे."

तो प्रश्न तिनं विचारला, आणि तुम्ही फोन उचलून कानाला लावलात. फोन वाजलाही नव्हता. त्या दिवसापासून आम्ही रोज तुमच्या दाराशी तोच विचारतोय. फलकावरचा कागद अजून तसाच आहे आणि त्या कागदावर त्याचा दोष तसाच आहे. म्हणून आता इथे लिहून विचारतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पाहुण्यांसाठी झाकलात, मान्य. मग पाहुणे गेल्यावर, त्याला उपकेंद्रात पाठवण्याआधी, ती पट्टी काढून चाचणी पुन्हा का घेतली नाहीत?

बोला, साहेब. वेळ चालू आहे.