भिंत सोड, पुढे ये

“सावली पुसून दे, मावशी. एवढ्यासाठी इतकं कशाला ताणतेस?”

“पुसेन की. पण ती तुझी नाहीये.”

“नाचता येईना अंगण वाकडं! म्हातारपणी फ्लॅश झेपत नाही, तर तसं सांग ना.”

हे मला! मी कॅमेरा कुणाच्या हाताखाली शिकले नाही. सासूची बोलणी खात, फोटो नासवत शिकले. भिंतीवरच्या सावलीशी माझं जन्माचं वैर. माणसाला भिंतीपासून चांगलं पुढे काढायचं, फ्लॅश छताकडे वळवायचा. उजेड वरून पाझरतो, सावली पाठीमागे जमिनीवर सांडते, फोटोत येत नाही. माझ्या बहिणीचा हा मुलगा त्या दुपारी तसाच पुढे उभा होता. बाजूच्या स्टुलावर त्याची होणारी बायको. हा फोटो बघून तिचे वडील होकार कळवणार होते. पहिली बायको, म्हणे, भांडून माहेरी गेली. माहेरचे म्हणतात, आलीच नाही. याला विचारलं की हा हसतो. मला ते हसू कधीच पटलं नाही.

पहिल्याच फोटोत त्याच्या मागे भिंतीवर सावली उमटली. बाईची. मोकळे केस, कललेली मान. कडा अशी, की कात्रीने कापून चिकटवावी. कडा धारदार म्हणजे माणूस भिंतीला अगदी खेटून उभं. आणि हा तर भिंतीपासून लांब!

तरी मी सवयीने ओरडले, “भिंत सोड, पुढे ये.” दुसऱ्या फोटोत कडा पुसट झाली. पुन्हा ओरडले. तिसऱ्यात नुसता धुरकट डाग. आणखी एकदा. चौथ्यात भिंत कोरी...

“मग चौथा दे की,” भाचा म्हणाला. “गेली ना सावली?”

“कुठे गेली?”

“मला काय माहीत!”

“मी ‘पुढे ये’ म्हटलं, तेव्हा तू हललास?”

“मी कशाला हलू? मी पुढेच होतो...”

स्टुलावरची पोर आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. “मावशी,” ती हळूच म्हणाली, “मग... ऐकलं कोणी?”

“तू गप्प बस!” तो तिच्यावर खेकसला. त्याचं हसू पहिल्यांदाच उतरलेलं बघितलं मी. “ऊठ. आपण दुसरीकडे काढू फोटो. हिला माझा संसार बघवत नाही.”

“कुठला संसार? बायको कुठाय तुझी?”

“माहेरी! किती वेळा सांगू...”

मी चौथा फोटो मोठा करून बघितला. खिडक्या बंद होत्या, तरी खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता. फोटोत त्याची डावी बाही दंडापाशी चुरगळली होती, कोणी मुठीत घट्ट धरावी तशी. मी मान वर केली. तो समोर उभा, हात खाली सोडलेले... आणि बाही अजून तशीच. बोटांच्या खळग्यांसकट. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. त्याने उजवा हात पोरीपुढे केला. ती उठली.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि म्हटलं, “पोरी, माझ्याकडे ये, पण त्याच्या डावीकडून येऊ नकोस, तिथे जागा नाही.”