भिंगरी पिसं का उपटते?

पांढरी नावाच्या कोंबडीच्या पाठीवर रक्त दिसलं आणि यंत्रमानव सखारामनं गुन्हेगार जाहीर करून टाकला: भिंगरी. दिवसभरात तिनं इतर कोंबड्यांना एकशे बारा वेळा टोचलं होतं. पाच वाजता तिची चोच छाटायची, असं त्यानं ठरवलंसुद्धा; टोचणं थांबलं तरच तो निर्णय बदलणार होता. यंत्राला दयामाया शिकवायचं बहुधा राहूनच गेलं होतं. साडेचार वाजले होते.

भिंगरीला केतकीनं पिल्लापासून हातावर वाढवलं होतं. ती अशी दुष्ट कशी झाली? केतकीनं घाईघाईनं स्वातीआत्याला पडद्यावर बोलावलं. आत्या चंद्रावरच्या वसाहतीत कोंबड्या कशा पाळायच्या, याचा अभ्यास करत होती.

आत्यानं आधी पांढरीला वेगळं ठेवायला लावलं, कारण रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात. मग ती अंगण दाखव म्हणाली. केतकीनं ऐटीत कॅमेरा फिरवला. काडी नाही की पान नाही, सगळं चकाचक. स्वच्छ अंगण स्पर्धेसाठी तिनंच सखारामला तसा हुकूम सोडला होता.

"दाणे कुठे टाकतोस?" आत्यानं सखारामला विचारलं.

"ताटलीत. आठ मिनिटांत संपतात."

"आणि उरलेला दिवस त्यांनी काय करायचं?"

आत्यानं समजावलं की, उकरून टिपणं ही कोंबडीची उपजत प्रेरणा (न शिकवता आलेली ओढ) आहे. उकरायला काहीच उरलं नाही की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. चोचीच्या टोकाला चेतातंतू (वेदना पोचवणारे धागे) असतात. म्हणजे छाटलं की दुखणार, आणि कारण आहे तिथंच राहणार.

केतकीचा चेहरा उतरला. भिंगरीची चूक नव्हतीच.

पाचला बारा मिनिटं होती. तिनं परसातला पालापाचोळा टोपल्या भरभरून आणला, अंगणभर पसरला, त्यात दाणे मिसळले. सखारामची कात्री बाहेर आलीच होती. भिंगरी थबकली. तिनं पायानं पाला मागे ओढला, खाली वाकून पाहिलं आणि भराभरा उकरू लागली.

पाच वाजले. इतक्या वेळात भिंगरीनं कुणालाही टोचलं नव्हतं. सखारामनं कात्री आत घेतली आणि केतकीला रडूच आलं.

आत्या म्हणाली, "सवय मोडायला काही आठवडे लागतील हं. त्यांना आणखी काय लागतं, ते पाहून मला कळव. चंद्रावर पाचोळा न्यायचा, हे माझ्या यादीत नव्हतंच."

केतकी पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच कोंबड्यांकडे नीट पाहू लागली.