न ठोकलेले रूळ

दंतवैद्य दुकानात शिरला तो चष्म्याचं दुकान समजून. पाटी नीट वाचायला चष्मा हवा होता, आणि चष्म्यावर तर तो सकाळीच बसला होता.

"चष्मे शेजारी," काउंटरमागची मुलगी म्हणाली. "इथे आगगाड्या मिळतात. छोट्या."

तो वळला... आणि थबकला. काचेच्या कपाटात एक काळं इंजिन बोगद्यातून बाहेर येत होतं. नाक काचेला टेकवून तो बघत राहिला.

"माझे बाबा इंजिन चालवायचे. खरंखुरं. आता उजवी बाजू लुळी पडलीय. दिवसभर भिंतीकडे बघत पडून असतात. त्यांना... असं काही चालवता येईल?"

दुकान तिच्या आत्याचं, पण रुळांतलं कळायचं ते भाचीलाच. तिने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. डावा हात कुठवर पोचतो त्यांचा?"

मग दर शनिवारी तो येऊ लागला. वळण केवढं घ्यायचं? आखूड घेतलं तर लांब डबे घसरतात. आणि सांधे, म्हणजे गाडी जिथे एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ते, हाताने सरकवायचे की बटणाने?

"मला तर सगळे सारखेच दिसतात," तो म्हणायचा. "तुम्हीच निवडा."

"दाढा बऱ्या वेगळ्या दिसतात!"

"दाढा बोलतात माझ्याशी."

"मग हेही बोलतील. जरा जवळ येऊन बघा..." बोलून गेली आणि तिच्याच कानाच्या पाळ्या तापल्या.

आत्या मान वर न करता म्हणाली, "एवढे रूळ लागतायत डॉक्टरांना... गाडी आपल्या घरापर्यंत आणतायत की काय?"

मग दंतवैद्याच्या घरी, त्याच्या बाबांच्या पलंगाशेजारी मोठी फळी टाकून ती स्वतः जोडणी करू लागली. सांधे तिने बटणाचे निवडले, हलक्या दाबाचे, सगळे डाव्या हाताशी. म्हाताऱ्याने पहिल्यांदा बटण दाबलं, खट् आवाज झाला, गाडी बाजूच्या रुळावर वळली... आणि त्याचा अर्धाच चेहरा हसला. "शाबास, फोरमन!" तेव्हापासून ती त्या घरात फोरमन झाली.

तार जोडताना एकदा तिचं बोट भाजलं. दंतवैद्याने ते हातात घेतलं, फुंकर घातली, आणि मग हात सोडलाच नाही. "तुझ्याशिवाय आता या घरात पान हलत नाही," तो हळूच म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, तिला कळलंही नाही.

एकच काम उरलं होतं, रूळ फळीवर ठोकायचं. ते तो सारखं पुढे ढकलायचा. "राहू दे... पुढच्या शनिवारी."

"अरे, हलतात ते. सांध्यावर डबे घसरतात."

शेवटी एका दुपारी तिने न विचारताच हातोडी काढली.

"ठोकू नकोस, फोरमन," म्हातारा म्हणाला. "पुढच्या महिन्यात लग्न झालं की सुनेच्या गावी जायचंय. हे सगळंच हलवायचंय."

"कुणाचं लग्न?"

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. दारात त्याचा मुलगा चहाचे तीन कप घेऊन उभा होता.

जिन्यात तो तिच्या मागोमाग आला. "सांगणारच होतो मी..."

"कधी? पत्रिका देताना?"

"वर्षापूर्वी ठरलंय ते. तिच्या वडिलांचा दवाखाना मी सांभाळायचा, असा शब्द दिलाय. पण तू... तू म्हण, आत्ता मोडतो. तूच सांग, काय करू?"

चार महिने तिने त्याला सगळं निवडून दिलं होतं. वळणं, सांधे, बटणांचे रंगसुद्धा.

"हे नाही मी निवडून देणार," ती म्हणाली. "माझं केव्हाच ठरलं होतं, डॉक्टर. तुमचंच ठरायचं राहिलं होतं."

त्याने वर दाराकडे वळून पाहिलं. ती दोन पायऱ्या खाली वाट बघत उभी राहिली. मग उतरून गेली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. आठवड्याने म्हाताऱ्याचा निरोप आला, की कुठला तुकडा कुठे बसतो हे दुसऱ्या कुणालाच कळत नाही. नवरा-नवरी पुढे गेली होती. ती पुन्हा त्या घरी गेली. प्रत्येक रुळावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवत राहिली.

"मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं," म्हातारा अचानक बोलला. "तो तुझ्याकडे कसा बघतो, तू कशी बघतेस... सगळं. तेव्हाच तुला लग्नाचं सांगायला हवं होतं. पण मग तू आली नसतीस. आणि मला गाडी हवी होती गं."

तिचे हात थांबले. मुलगा भित्रा, हे तिने कसंबसं गिळलं होतं. पण हा म्हातारा? याच्यासाठी तर तिने एकेक बटण स्वतःच्या डाव्या हाताने शंभरदा दाबून पाहिलं होतं.

"रागावलीस, फोरमन?"

तिने उरलेले सांधे कागदात गुंडाळले, खोक्याला दोरी बांधली आणि गाठ घट्ट ओढली.

"गाडी सुरू करण्याआधी रूळ कोरड्या फडक्याने पुसायला सांगा," ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.