झाकणाखालची पांढरी साय

जुना मित्र हाल्व्हदान याच्या पत्राला आजोबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. नाताळात उत्तरेहून आलेलं ते पत्र घड्याळामागे तसंच उभं होतं. 'इथला हा माझा शेवटचा उन्हाळा. मग घर विकतोय. गाडी काढ आणि ये,' एवढंच त्यात होतं. ईस्टर आला तरी आजोबांचं काही ठरत नव्हतं. आणि आता तर गाडीच भंगारात निघाली होती!

"उद्याच्या फेरीबोटीनं मी ती घेऊन जातो," केतिलमामा म्हणाला. "तेल भरायचं झाकण उघडलं, तर आत ही पांढरी साय! म्हणजे इंजिनातलं पाणी तेलात शिरलंय. पाणी नि तेल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलं. आतून खलास!"

"असेल. मला त्यातलं काय कळतं?" आजोबा म्हणाले. "माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यांनी रहस्यकथेचं पुस्तक पुन्हा तोंडासमोर धरलं.

मामा गळ घेऊन धक्क्याकडे गेला. सुट्टीला आलेली तिरिल आणि तिचा धाकटा भाऊ ऐविंद पायरीवर संत्री सोलत बसली. शेजारची रूना कुंपणावरून उडी मारून आली.

"आजोबा ही गाडी घेऊन थेट उत्तरेला जाणार होते," तिरिल कुरकुरली.

"जाणार होते कुठे? तीन महिने नुसता विचार करतायत!" ऐविंद म्हणाला.

"म्हणून काय गाडी भंगारात द्यायची? मामानं एक झाकण उघडलं आणि निकाल दिला! रहस्यकथेत एखाद्या हवालदारानं असं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं?"

"हा हवालदार बिनडोक आहे!" ऐविंद ओरडला.

"हळू! मामा आहे आपला."

रूनाची आई बोटींची इंजिनं दुरुस्त करायची आणि रूना तिच्या हाताखाली वाढलेली. "आपण तपासूया ना," ती म्हणाली. "इंजिन न उघडताही आतलं कळतं. पण किल्ली आजोबांकडून मागायची. चोरून काही नाही!"

आजोबा आढेवेढे घेत बाहेर आले. "नसती उठाठेव तर नाही ना होणार, पोरांनो?"

"आजोबा, तुम्ही फक्त आम्ही सांगू तेव्हा किल्ली फिरवा," तिरिल म्हणाली.

रूनानं आधी तेल मोजायची पट्टी ओढून काढली. तेल काळपट होतं, पण स्वच्छ. "पाणी शिरलं असतं तर खालचं तेलही दुधाच्या चहासारखं दिसलं असतं!"

ऐविंद इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत डोकावला. "पाणी खुणेपर्यंत आहे. तेलाचा तवंग नाही! आजोबा, तुम्ही यात पाणी घालत होता?"

"नाही रे. शिशिरापासून हातही लावला नाही."

"मग शिरलेलं पाणी आलं कुठून?" तिरिल म्हणाली. आजोबांनी चष्मा वर सरकवला.

इंजिन थोडा वेळ चालवून गरम केलं. मग ते बंद करून रूनानं ठिणगीची आणि पेट्रोलची जोडणी सोडवली, जाड हातमोजे घातले आणि चारही स्पार्क प्लग काढून ओळीनं मांडले. चारही कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे.

"पाणी आत येत असतं तर एखादा धुतल्यासारखा लख्ख असता," ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून घड्याळाच्या तबकडीसारखं दाबमापक काढून पहिल्या प्लगच्या भोकात बसवलं. "आईला विचारून आणलंय. हरवलं तर ती मला समुद्रात फेकेल! आजोबा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि फिरवा किल्ली!"

इंजिन धापा टाकत फिरलं. काटा टप्प्याटप्प्यानं चढला आणि थांबला.

"बारा!" ऐविंद ओरडला. दुसऱ्यात बारा. तिसऱ्यात साडेअकरा. चौथ्यात पुन्हा बारा.

"गॅस्केट फुटलं असतं तर एखाद्या ठिकाणी काटा धपकन खाली राहिला असता," रूना म्हणाली. "इंजिन आतून ठणठणीत आहे!"

"पण मग ती साय?" आजोबांनी हळूच विचारलं.

ऐविंदनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. "आजोबा, तुम्ही गाडी कुठे कुठे नेता?"

"दुकानात. धक्क्यावर. बोटीनं पाव येतो त्या दिवशी पावासाठी. आपल्या बेटावर रस्ता आहेच केवढा! तापायच्या आत पोचतो."

तिरिल एकदम उभी राहिली. "बटाटे उकडताना खिडकीला पाणी येतं ना? थंड काचेवर वाफ बसते! इंजिन कधी पुरतं तापतच नाही, म्हणून वाफ झाकणाला चिकटते आणि तेलात मिसळते. मामा शहरात लांब लांब गाडी चालवतो, त्याला हे कसं सुचणार?"

"आता हे सिद्ध करायला हवं!" रूना म्हणाली.

सगळी जोडणी पुन्हा बसवली, झाकण पुसून स्वच्छ केलं आणि चौघं निघाले. धक्का ते चर्च, चर्च ते धक्का! दुकानवाली दारात आली आणि तिनं आजोबांना हाक मारली.

"आस्ब्यर्न, काही हरवलंय का?"

"नाही, सापडतंय!" ऐविंद खिडकीतून ओरडला.

धक्क्यावर केतिलमामाच्या समोरून भंगारातली गाडी पहिल्यांदा गेली, तेव्हा त्यानं डोळे चोळले. पुन्हा गेली तेव्हा त्याचा मासा निसटला. पुढच्या फेरीला तो गळासकट रस्त्यात उभा राहिला.

"बाबा! काय चाललंय? फुटेल ती!"

"फुटायची असती तर एव्हाना फुटली असती," आजोबा म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी ते थोडं निवू दिलं आणि झाकण स्वतः उघडलं. आत नुसतं तेल चकाकत होतं. साय नव्हती!

मामानं झाकण उलटसुलट केलं, मग पट्टी, मग टाकी. शेवटी तो हसला. "मी नुसतं झाकण बघितलं आणि गाडीला मूठमाती द्यायला निघालो! शाबास रे, तुम्ही हवालदारांचे हवालदार!" त्यानं खिशातलं संत्रं सोलून तिघांना वाटलं.

घरी आल्यावर आजोबा तिरिलला म्हणाले, "खरं सांगू? गाडी गेली असती तर मला बरंच वाटलं असतं. न जायला कारण मिळालं असतं. एवढ्या वर्षांनी त्याच्याशी काय बोलू, हीच धास्ती."

"गाडीबद्दल बोला की! चर्च ते धक्का सगळं सांगा!"

आजोबा पहिल्यांदा खळखळून हसले आणि हाल्व्हदानला उत्तर लिहायला टेबलाशी बसले.

टपालाची लाल पेटी अंगणातून दिसत होती. तरीही आजोबांनी किल्ली घेतली, मुलांना मागे बसवलं आणि धक्क्याच्या लांबच्या वाटेनं गाडी फिरवून, इंजिन चांगलं तापल्यावरच पेटीशी थांबवली. पाकीट हातात घेऊन क्षणभर ते थबकले.

"आजोबा, इंजिन निवतंय!" ऐविंद म्हणाला.

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज तिघांनी ऐकला.