फिंजान हलला नाही

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. हनादीनं सांगितलं तसंच लिहिलं आहे. आणि हनादी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय बोलत नाही. तिचं पोटच त्यावर चालतं.

शहर अम्मान. वेब्देहच्या टेकडीवरचं एक ऑफिस, तिसरा मजला. वार शुक्रवार.

रात्र नव्हती. भर दुपारचे सव्वाबारा वाजले होते.

वडील गेले त्याला त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते.

हनादी सॉफ्टवेअर तपासायची. दवाखान्यांत रुग्णांची नोंद करणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात रोज शेकडो खोटे रुग्ण घालून पाहायचे, कुठे अडकतंय का. हे काम यंत्रच करायचं, एका वेळी आठ चाचण्या, शेजारी शेजारी. प्रत्येक चाचणी थोडी मेमरी मागून घ्यायची आणि काम झालं की आपला रुग्ण पुसून ती परत द्यायची. एखादीनं परत दिलीच नाही तर मेमरी भरत जायची. मग यंत्र सगळ्यांत खादाड चाचणी शोधायचं आणि तिला मारून टाकायचं.

त्या खोट्या रुग्णांत एक नाव खरं होतं. मुस्लेह. तिचे वडील.

त्यांनी ते हौसेनं दिलं होतं.

"दिवसातून किती वेळा आजारी पाडतेस मला?"

"चारशे वेळा, याबा."

"आणि बरा कितीदा करतेस?"

"बरा कुठला! काम झालं की पुसून टाकते."

"ऐका! आणि हिला मी खांद्यावर बसवून वाढवलं."

आई लवकर गेली होती. घरात दोघंच. ती त्यांना याबा म्हणायची आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तेही तिला याबाच म्हणायचे.

मेमरीचं रडगाणं तिनं एकदा त्यांच्यापुढे गायलं. ते कॉफी ओतत होते. गुडघे दुखायचे, तरी उभे राहूनच ओतायचे. पोरगी का असेना, घरी आली की ती पाहुणी.

"यात काय अवघड आहे?" ते म्हणाले. "तुझ्या चाचण्यांना रीत नाही. त्यांना फिंजान हलवायला शिकव."

फिंजान म्हणजे बिनकानाचा इवलासा कप. ओतणारा उजवीकडून येतो. दल्ल्याची, म्हणजे पितळी कॉफीच्या भांड्याची, चोच कपाच्या काठाला वाजवतो, टिंग, आणि घोटभर ओततो. पाहुण्यानं मनगटातून कप हलवला की बस झालं. नाही हलवला तर पुन्हा टिंग, पुन्हा घोट. पाहुण्याचा कप हलेपर्यंत ओतणाऱ्यानं बसायचं नसतं.

हनादीनं खरंच तसं केलं. प्रत्येक चाचणीच्या शेवटी एक पायरी घातली. पडद्यावर आधी यायचं, 'आणखी?' मग यायचं, 'फिंजान हलवला.' त्याच क्षणी रुग्ण पुसला जायचा आणि मेमरी परत.

वडिलांनी ही गोष्ट अख्ख्या गल्लीला सांगितली होती.

मग तो रविवार आला.

दुपारी त्यांचा फोन. "दल्ला उतरवलाय. येतेस ना, याबा?"

"अर्ध्या तासात. चाचण्या संपतच आल्यात."

"ये सावकाश. मी थांबतो."

त्या दिवशी मेमरी भरली. एक चाचणी मेली. तिनं सगळं पुन्हा सुरू केलं. पुन्हा भरली. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले.

ती घरी पोचली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. दल्ला गार पडला होता. पुढे दोन फिंजान. दोन्ही कोरडे.

त्यांनी तिच्यावाचून एक घोटही घेतला नव्हता.

ती कामावर परतली. पहिल्याच सकाळी पडद्यावर ओळ आली, 'मुस्लेह: फिंजान हलवला.' खाली, 'पुसला.' दिवसातून चारशे वेळा हे बघणं तिला जमेना. तिनं फक्त त्यांच्या चाचणीतून ती शेवटची पायरी काढून टाकली. कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून मेमरी रोज भरू लागली.

"हनादी, तुझ्या त्या बकासुराला जरा उपास घडव," गुरुवारी शेजारच्या टेबलावरचा रकान म्हणाला. "रविवारी नवीन आवृत्ती जायची आहे. साहेब माझं डोकं खातोय, आणि माझ्याकडे तेवढं एकच आहे."

"बघते."

"महिनाभर बघतेच आहेस, बाई."

म्हणून ती शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आली. कुणी बघायच्या आत ती पायरी परत घालायची होती.

तिनं घातली. आठही चाचण्या सुरू केल्या.

खाली मशिदीत शुक्रवारचा खुतबा, नमाजाआधीचं प्रवचन, चालला होता. भोंग्यातला आवाज काचेतून अंधुक येत होता.

फिंजान हलवला. फिंजान हलवला. फिंजान हलवला... सात ओळी आल्या.

आठवी आली नाही.

'मुस्लेह: आणखी?'

मेमरी चढू लागली.

'मुस्लेह: आणखी?'

आणि मग...

टिंग.

ती उठली. कोपऱ्यात किटली होती आणि कागदी पेले होते. पितळेचं काही नव्हतं. चिनीमातीचंही नव्हतं.

मेमरी भरली. चाचणी मेली.

तिनं पायरी पुन्हा वाचली. दोनदा वाचली. चूक नव्हती. मग तिनं आठाच्या जागी एकचा आकडा घातला. एकच चाचणी. वडिलांची. सगळं यंत्र त्यांना एकट्याला. त्या रविवारी असं करता आलं असतं. बाकीच्यांना थांबवता आलं असतं.

ती हात मांडीवर ठेवून बसली.

'मुस्लेह: आणखी?'

टिंग... या वेळी जवळ.

खालचा भोंगा एकाएकी बंद झाला. पंख्याचा आवाजही नव्हता. पंखा मात्र फिरत होता.

'आणखी?'

टिंग... अगदी उजव्या कानाशी.

"याबा?" ती म्हणाली.

पडद्यावरचा आकडा चढायचा थांबला. काठोकाठ भरून थांबला. यंत्रानं या वेळी कुणाला मारलं नाही.

तेव्हा तिचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेलं. तो मांडीवर नव्हता. छातीसमोर उचललेला होता. अंगठा आणि दोन बोटं गोल वळलेली, मधे काहीतरी धरल्यासारखी.

बोटांच्या मधे काही नव्हतं.

पण ती जागा... ऊन होती. आत्ताच ओतल्यासारखी.

आणि मग तिला कळलं. चोच पाहुणा वाजवत नाही. चोच वाजवतो तो ओतणारा.

पाहुणा ते नव्हते. पाहुणी ती होती. ते म्हणाले होते, मी थांबतो.

मनगट जरा हलवलं असतं की झालं असतं. तेवढंच करायचं होतं.

तिनं नाही हलवलं.

किती वेळ बसली, तिला सांगता येत नाही. खालच्या रस्त्यावर नमाजहून परतणाऱ्या लोकांचे आवाज येऊ लागले, पंखा घरघरू लागला, तेव्हा तिनं चाचणी बंद केली आणि यादीतून ते नाव बाजूला काढून ठेवलं. पुसलं नाही. नवीन आवृत्ती वेळेवर गेली.

रविवारी रकान म्हणाला, "सातच चाचण्या लावल्यास? आठ आरामात झेपतील आता."

"सातच राहू देत."

"आठवी जागा कुणाच्या लग्नासाठी राखलीयस?"

तिनं सातही चाचण्या सुरू केल्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मेमरी आता भरत नाही. पण त्या रिकाम्या जागेत रोज दुपारी, त्या फोनच्या वेळेला, घोटभर मेमरी कोणीतरी घेतं आणि धरून ठेवतं. रकाननं सगळं उघडून पाहिलं. चालू असलेल्या यादीत कुणाचंच नाव नाही.

घरातला दल्ला हनादीनं कपडा गुंडाळून कपाटात ठेवला आहे. किल्ली मावशीकडे आहे.

तरीही सुट्टीच्या दिवशी, त्याच वेळेला...

टिंग.

तिचा हात उचलला जातो. बोटांना ऊब लागते. आता हलवावा, असं ती दर वेळी ठरवते. हलवला की ते बसतील. हलवला की ते जातील.

त्यांचे गुडघे दुखायचे, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मनगट अजून हललेलं नाही.