रांगेतला अठरावा

माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. एक तर मी चौथी पास. दुसरं कारण शेवटी सांगतो.

मी नागपूरचा. बर्फाच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं काढली. बायको गेल्यावर पोरगी जागृती मला इकडे टेक्सासला, अर्विंगजवळ घेऊन आली. इथलं मला फारसं काही आवडत नाही. चहा पाणचट, रस्त्यावर माणूस नाही. नात रुही तेवढी आवडते. बारा वर्षांची आहे, आइस हॉकी खेळते, गोलकीपर आहे. या भट्टीत बर्फावर खेळायचं खूळ कोणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, पण मुलांची ही लीग तीस वर्षं चालू आहे.

जुलैतल्या एका शनिवारी जागृतीची हॉस्पिटलात ड्यूटी होती. टीमचा कोच राजीव गाडी घेऊन आला. मी रुहीची बॅग उचलायला बरोबर निघालो. राजीव इथेच जन्मलेला, चाळिशीचा. मराठी बोलतो, पण दगड चावल्यासारखं.

वाटेत मी रुहीला झापलं. मागच्या मॅचला एक गोष्ट मला झोंबली होती. मॅच संपली की दोन्ही टीम रांगा करून एकमेकांसमोरून जातात, हात मिळवतात. चांगली रीत आहे. पण ही पोरं हातमोजे घालूनच हात मिळवत होती.

"हे काय हात मिळवणं झालं? हातमोजा काढत जा."

"काका..." राजीव गाडी चालवताना म्हणाला. "ते लीगचा रूल आहे. ग्लव्हज काढायचे नाही."

"का?"

"असंच. जुना आहे."

"जुना आहे म्हणून मला सांगू नको. माझ्या आजोबांना गावात पाणी वरून ओतायचे, हात लागू नये म्हणून. तोही रूलच होता. माझ्या घरातली पोरगी समोरच्याला उघडा हात देईल."

राजीवने रेडिओ लावला. रुही म्हणाली, "ओके आजोबा, चिल."

तिथेच मी चूक केली. राजीवनेही केली. त्याने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

रिंकमध्ये, म्हणजे त्यांच्या बर्फाच्या मैदानाच्या इमारतीत, गेल्यावर ओळखीचा वास आला. अमोनिया, बर्फ गोठवायच्या यंत्रातला. अगदी पुसट, पण माझ्या नाकातून तो सुटत नाही. बोळात भिंतीवर दर वर्षीच्या टीमचे फोटो लावलेले. मला वाचता येत नाही इंग्रजी, म्हणून मी हात बघत गेलो. पहिल्या दोन वर्षांच्या फोटोंत पोरांचे हात उघडे. तिसऱ्या वर्षापासून आजपर्यंत एकाचाही हात उघडा नाही. ओळीने सगळे हातमोजे.

मॅच रुहीची टीम जिंकली. तेवढ्यात सामान आणायला कोणीतरी मागचं मोठं दार उघडलं आणि बाहेरची गरम हवा आत आली. बर्फावर धुकं चढलं. आमच्या कारखान्यातही असंच व्हायचं. पोरं कमरेपर्यंत दिसेनाशी झाली. रांगा लागल्या. रुहीच्या पायांवर जाडजूड पॅड, म्हणून ती सगळ्यांच्या मागे. तिने उजवा हातमोजा काढला आणि माझ्याकडे बघून हात हलवला. मला बरं वाटलं.

मी बर्फाच्या लाद्या मोजत म्हातारा झालो, मोजायची सवय जात नाही. समोरच्या टीममधे सतरा पोरं होती. रुहीने सतरा जणांना हात दिला. मग ती पुढे सरकलीच नाही. तिचा हात तसाच पुढे धरलेला, समोर नुसतं धुकं. हात हळूहळू वरखाली हलत होता... कोणीतरी हलवावा तसा.

धुकं विरलं तेव्हा ती एकटी उभी होती.

"लास्ट वाला किड कोण होता?" तिने गाडीत विचारलं. "त्याने पण ग्लव्हज नव्हते घातले."

राजीवने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. बाहेर एकशे चार डिग्री, म्हणजे आपले चाळीस. रुहीचा हात खिडकीच्या काचेवर होता आणि तेवढीच काच पांढरी झाली होती.

घरी मी तो हात हातात घेतला. बर्फ मला कळतो. साधा बर्फ आधी चावतो, मग बधिर करतो. हा गारवा चावत नव्हता. आत ओढत होता. जागृतीने डॉक्टर केले, तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. मंगळवारी रुहीच्या हातातून चमचा पडला. बुधवारी गारवा कोपरापर्यंत चढला. रोज सकाळी मी उठवायला जायचो तेव्हा ती झोपेत असायची आणि तो हात पलंगाबाहेर, आडवा, हवेत. आधाराशिवाय.

"दुखतंय का?"

"नो," ती म्हणाली. "ही जस्ट वोन्ट लेट गो, आजोबा. तो मुलगा हात सोडतच नाही."

मी राजीवच्या घरी गेलो आणि त्याला सरळ विचारलं. त्याने खाली बघतच सांगितलं.

लीगच्या दुसऱ्या वर्षी फायनल झाली, राजीव तीत खेळत होता. दुसऱ्या टीमचा गोलकीपर वेस्ली नावाचा मुलगा, बारा वर्षांचा. शेवटच्या मिनिटाला त्याच्याकडून सोपा गोल गेला. रांग लागली तेव्हा त्याने हातमोजे काढून हात पुढे केला. पहिल्याने हात मागे घेतला. मग हसत हसत सगळ्यांनी तसंच केलं. त्याची स्वतःची टीमसुद्धा हसली.

"तू?"

"मी लास्ट होतो, काका. मी एकच इंडियन होतो तिकडे. मला वाटलं, मी हात दिला तर मला पण..." त्याने तळहात मांडीवर पुसला. "त्याने माझ्याकडे बघितलं. मी पण हात मागे घेतला."

वेस्ली कपडे न बदलता कुठेतरी जाऊन बसला. आई समजली बापाकडे आहे, बाप समजला आईकडे. सकाळी बर्फ घासायच्या गाडीमागे सापडला, ओल्या कपड्यांत. हात पुढे केलेला. तो खाली करता आला नाही म्हणे.

पुढच्या वर्षी रांगेत ज्यांनी हातमोजे काढले, त्यांतल्या एका मुलीचा हात असाच गार झाला. गारवा खांद्याच्या पुढे गेला आणि ती गेली. तेव्हापासून रूल. फक्त कारण कोणी सांगत नाही.

"भडव्या, हे गाडीत सांगायचं होतंस," मी म्हणालो. त्याने मान हलवली.

शुक्रवारी गारवा खांद्याला लागला. शनिवारी सकाळी जागृती तिला हॉस्पिटलात न्यायला निघाली. मी दारात आडवा उभा राहिलो. "आधी रिंकवर."

"बाबा, तुम्हाला वेड लागलंय का?"

"लागलंय. चल."

मॅच संपत आलेली. राजीवने स्वतः मागचं दार उघडलं. धुकं चढलं. मी रुहीला धरून साध्या बुटांनी बर्फावर उतरलो आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो. सतरा पोरं हातमोजे आपटत गेली. मग कोणी नाही. मोठ्या यंत्राची घरघर तेवढी. रुहीचा हात आपोआप वर उचलला गेला.

मला इंग्रजी येत नाही. मी मराठीतच बोललो.

"बाळा... पोरीचा सोड. माझा धर. मी मागे घेणार नाही."

मी उजवा हात तिच्या हाताच्या पुढे धरला. किती वेळ गेला माहीत नाही. मग एक एक बोट माझ्या हातावर आलं. लहान बोटं. ओली.

रुही "आऊच" म्हणाली आणि रडायला लागली. तिचा हात लालभडक झाला होता. मी त्या आठवड्यात पहिल्यांदा श्वास घेतला.

या गोष्टीला सात आठवडे झाले. रुही बरी आहे, पुन्हा खेळते. तिला हातमोजा काढू नको असं आता मीच सांगतो, आणि सांगताना मला लाज वाटते. माझा उजवा हात खांद्यापर्यंत गार आहे, गारवा तिथेच थांबलाय. रोज सकाळी तो पलंगाबाहेर असतो. हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय.

माझी तक्रार नाही. माझं वय झालं, आणि त्या पोराचा हात कोणीतरी धरायलाच हवा होता. मी तो घट्ट धरून ठेवलाय.

पण परवापासून त्याची पकड सैल होतेय. आज नाश्त्याला रुही माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, तिचा उघडा हात माझ्या हाताशेजारी टेबलावर, आणि एक बोट सुटलं... मग दुसरं.